८२२, २४४ आणि मधला ४५७

हायड्रोजनच्या अणूतला इलेक्ट्रॉन दुसऱ्या कक्षेत असेल, तर नील्स बोर या शास्त्रज्ञाच्या हिशेबाने तो सेकंदाला ८२२ लाख कोटी फेऱ्या मारतो. तिसऱ्या कक्षेत असेल तर २४४ लाख कोटी. तो तिसरीतून दुसरीत आला की जो लाल प्रकाश बाहेर पडतो, त्याची वारंवारता, म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं, ४५७ लाख कोटी. ना ही, ना ती. बारावीला फिजिक्स शिकवताना मी हे तीन आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिते आणि थोडा वेळ काहीच बोलत नाही. अणूच्या धड्यात समजून घेण्यासारखं जे आहे, त्यातलं निम्मं या तीन आकड्यांत आहे असं माझं ठाम मत आहे.

पुस्तकात हे आकडे असे एकत्र भेटत नाहीत. तिथे त्रिज्येचं सूत्र वेगळं, वेगाचं वेगळं, ऊर्जेचं वेगळं. त्रिज्या कक्षेच्या क्रमांकाच्या वर्गाने वाढते, वेग क्रमांकाच्या व्यस्त प्रमाणात घटतो, म्हणून एका फेरीला लागणारा वेळ क्रमांकाच्या घनाने वाढतो. सीईटीला यावर एक प्रश्न हमखास येण्यासारखा असतो : तिसऱ्या आणि दुसऱ्या कक्षेतल्या आवर्तकालांचं गुणोत्तर किती? २७ : ८. पोरं डोळे झाकून पर्यायावर टिक करतात आणि पुढे जातात. मला वाईट याचं वाटतं, की २७ : ८ लिहिणाऱ्याला आपण इलेक्ट्रॉनच्या फिरण्याबद्दल काहीतरी बोललो याचा पत्ताच नसतो.

म्हणून आधी पहिली कक्षा नीट बघू. त्रिज्या ०.५३ अँगस्ट्रॉम. एका मीटरचे हजार कोटी भाग केले, तर त्यातल्या एका भागाच्या निम्म्याहून किंचित जास्त. वेग सेकंदाला सुमारे २,१९० किलोमीटर, म्हणजे प्रकाशाच्या वेगाचा साधारण १३७ वा भाग. एवढ्या वेगाने एवढ्याशा वर्तुळात फिरायचं म्हटल्यावर सेकंदाला ६,५८० लाख कोटी फेऱ्या होतात. एका जागेवरून इलेक्ट्रॉन इतक्यांदा गेला, म्हणजे तिथून विद्युतप्रवाहच वाहिला म्हणायचा, आणि तो किती? फेऱ्यांना इलेक्ट्रॉनच्या प्रभाराने गुणलं की उत्तर येतं जवळजवळ १ मिलिअँपिअर. एका अणूत! लॅबमधल्या मिलिअँमीटरच्या तबकडीवर पोरं जो आकडा वाचतात, तोच. हा गुणाकार मी कधीच चुकवत नाही, कारण त्यानंतर वर्गातली मागची बाकंही वर बघायला लागतात.

ही ६,५८० ची संख्या एकदा हातात आली, की बाकीच्या कक्षा म्हणजे भागाकार. आठाने भागा, ८२२. सत्तावीसने भागा, २४४. चौसष्टने भागा, १०३.

आता अडचण. गेल्या वर्षी माझ्या वर्गात मिरजेची एक मुलगी होती. घरात तंबोरे-सतारी बनवायचं काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. जवारी काढताना, म्हणजे सुराला गुंजन यावं म्हणून, आजोबा तारेखालच्या घोडीवरून कानस हलकीच फिरवतात, तार छेडतात, ऐकतात, पुन्हा फिरवतात, हे बघत ती वाढलेली. तीन आकडे फळ्यावर आले तशी ती म्हणाली, "मॅडम, तार सेकंदाला जेवढ्यांदा थरथरते तेवढाच सूर निघतो की. खर्जाची तार एक सूर थरथरली आणि ऐकू दुसराच आला, असं कधी होत नाही. मग इलेक्ट्रॉन फिरतो ८२२ नि उजेड ४५७ चा, हे कसं?"

याहून नेमका प्रश्न मी या धड्यावर ऐकलेला नाही. कारण १९१३ च्या आधीच्या सगळ्या भौतिकशास्त्राचं म्हणणं शब्दशः हेच होतं. मॅक्सवेलच्या सिद्धांताप्रमाणे प्रभार ज्या वारंवारतेने फिरेल किंवा हलेल, त्याच वारंवारतेची लहर तो बाहेर टाकेल. हर्ट्झने प्रयोगाने ते दाखवलंही होतं, आणि रेडिओचा अँटेना आजही त्याच नियमावर चालतो. रदरफर्डने १९११ मध्ये अणूच्या मधोमध केंद्रक बसवलं, तेव्हा त्याच्याभोवती इलेक्ट्रॉन फिरतोय म्हटल्याबरोबर हा नियम आडवा आला. फिरतोय म्हणजे प्रकाश टाकणार. टाकतोय म्हणजे ऊर्जा गमावणार. गमावतोय म्हणजे आत आत येणार, आणि आत येताना फेऱ्या वाढत जाणार. हिशेब केला तर सेकंदाचे लाख कोटी भाग करून त्यातल्या साधारण १६ भागांत इलेक्ट्रॉन केंद्रकावर आदळायला हवा, आणि आदळेपर्यंत प्रकाशाची वारंवारता सलग चढत जायला हवी. प्रत्यक्षात हायड्रोजन ठरावीक रेषा देतो आणि अणू जागच्या जागी राहतो.

२७ वर्षांच्या नील्स बोरने १९१३ मध्ये फिरणं आणि प्रकाश या दोन गोष्टी एकमेकींपासून सोडवल्या. कक्षेत इलेक्ट्रॉन कितीही फेऱ्या मारो, तोवर प्रकाश नाही. प्रकाश फक्त एका कक्षेतून दुसरीत येताना, आणि त्याची वारंवारता फेऱ्यांवरून ठरवायची नाही, तर दोन कक्षांच्या ऊर्जांतला फरक भागिले प्लँकचा स्थिरांक एवढीच घ्यायची. लोक बोरचं नाव कोनीय संवेगाच्या अटीशी जोडतात. माझ्या मते खरं धाडस प्रकाशाच्या वारंवारतेबद्दलच्या या वाक्यात आहे. संवेग ठरावीक पटीत असावा असं इंग्लंडमधले निकल्सन त्याच सुमाराला म्हणत होते. पण फिरण्याची वारंवारता आणि उजेडाची वारंवारता यांचा काडीमोड करायला छाती लागते.

रदरफर्डने हस्तलिखित वाचून मार्च १९१३ मध्ये बोरला पत्र लिहिलं आणि अगदी वर्मावर बोट ठेवलं : एका कक्षेतून निघताना इलेक्ट्रॉनने कुठल्या वारंवारतेचा प्रकाश टाकायचा हे ठरवायचं कसं? कुठे जाऊन थांबणार हे त्याला आधीच ठाऊक असल्यासारखं झालं! मिरजेच्या मुलीला मी हे सांगितलं तेव्हा ती खूश झाली. रदरफर्ड तिच्याच बाजूचा निघाला.

बोरला ही वाट दिसली ती बामरच्या सूत्रामुळे. योहान बामर हे बासेलच्या मुलींच्या शाळेतले गणिताचे शिक्षक. १८८५ मध्ये, म्हणजे बोर जन्मला त्याच वर्षी, त्यांनी हायड्रोजनच्या दृश्य रेषांच्या तरंगलांबी पूर्णांकांच्या वर्गांत बसवून दाखवल्या. का बसतात, हे पुढची २८ वर्षं कुणाला सांगता आलं नव्हतं. एका शाळामास्तरांच्या चार रेषांच्या गणितावर अणूचं पहिलं चालणारं चित्र उभं राहिलं, हे मी दर वर्षी मुद्दाम सांगते.

त्या रेषा बघितल्याशिवाय मात्र यातलं काही अंगी लागत नाही. सीनियर कॉलेजच्या लॅबमधून आम्ही स्पेक्ट्रोमीटर, ग्रेटिंग (प्रकाशातले रंग वेगळे करणारी बारीक रेषांची काच) आणि हायड्रोजनची नळी मागून आणतो. नळी मधोमध पेन्सिलीहून बारीक, दोन्ही टोकांना फुगीर. मागे काही हजार व्होल्टचा पुरवठा. खिडक्यांचे पडदे ओढले, बटण दाबलं, की बारीक भाग गुलाबी पेटतो. तो गुलाबी रंग बघून कुणालाच वाटत नाही की आत वेगवेगळे रंग असतील. नळी तापते, म्हणून एका वेळी अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त चालू ठेवायची नाही. एकेकाने पटापट डोळा लावायचा. दुर्बीण हळूहळू बाजूला सरकवली की आधी जांभळी रेषा येते, ती पुष्कळांना दिसतच नाही. मग निळी. मग एक हिरवट निळी, चांगली ठळक. मग बराच वेळ नुसता काळोख, आणि एकदम लाल. केसासारखी बारीक, उभी, काठ कापल्यासारखे. डोळा लावलेलं पोर श्वास रोखतं ते बाहेर उभ्या असलेल्यांनाही कळतं.

इंचाला १५,००० रेषांची ग्रेटिंग असेल तर लाल रेषा मध्यापासून २२ अंश ४८ मिनिटांवर सापडते. डावीकडचं वाचन, उजवीकडचं वाचन, वजाबाकी, निम्मं. व्हर्निअर भिंगातून वाचायचा, कुठली रेघ कुठल्या रेघेला जुळली यावर दोघांत वाद घालायचा, आणि मग लॉग टेबल. उत्तर ६५६ नॅनोमीटर. प्रकाशाच्या वेगाला त्याने भागलं की ४५७ लाख कोटी. फळ्यावरचा मधला आकडा पोरांनी स्वतःच्या हाताने मोजलेला असतो. ८२२ आणि २४४ मात्र कुणीच मोजत नाही. कुठल्याही दुर्बिणीला ती वारंवारता त्या नळीतून येताना दिसत नाही.

"पण मधलाच का येतो?" हा पुढचा प्रश्न त्याच मुलीचा. "८२२ च्या वर का नाही गेला? २४४ च्या खाली का नाही?"

आता हे बघा, मला या सगळ्यात सर्वांत आवडतं ते हे. मधला म्हणजे सरासरी का? ८२२ आणि २४४ ची बेरीज करून निम्मी केली तर ५३३ येतात. जुळत नाही. पण समजा कक्षेचा क्रमांक २ आणि ३ असे पूर्णांकच न घेता २.१, २.२, २.३७, २.९९ अशा मधल्या सगळ्या काल्पनिक कक्षा घेतल्या, प्रत्येकीतल्या फेऱ्या काढल्या आणि त्या सगळ्यांची सरासरी केली तर? बारावीच्या पोरांना निश्चित संकलन येतं. ६,५८० भागिले क्रमांकाचा घन, याचं २ ते ३ मध्ये संकलन. घनाचं संकलन केलं की खाली वर्ग येतो, पुढे निम्मा येतो : ३,२९० गुणिले कंसात एक चतुर्थांश वजा एक नवमांश. उत्तर ४५७. तंतोतंत.

वर्गात आधी गणितवाली पोरं ओरडली. कारण कंसातलं ते एक चतुर्थांश वजा एक नवमांश म्हणजे बामरचंच सूत्र. निसर्गात ज्या कक्षा अस्तित्वातच नाहीत, त्या सगळ्यांतल्या फेऱ्यांची सरासरी म्हणजे बाहेर पडणारा उजेड. ही काही आमची नवी शोधलेली गोष्ट नाही. ऊर्जेच्या सूत्राचा क्रमांकाशी अवकलज काढून प्लँकच्या स्थिरांकाने भागला की फेऱ्यांची संख्याच हाती लागते, त्याचाच हा दुसरा चेहरा. पण पाठ केलेल्या तीन सूत्रांमधून ती अशी उगवताना बघणं वेगळं. त्या ३,२९० वरही क्षणभर थांबा. तो ६,५८० चा निम्मा आहे, आणि दूर स्तब्ध असलेला इलेक्ट्रॉन थेट पहिल्या कक्षेत पडला तर जो प्रकाश निघेल त्याची वारंवारताही तीच. बोरने आपल्या पहिल्या लेखात सुरुवात याच निम्म्यापासून केली होती : सुरुवातीला शून्य फेऱ्या, शेवटी पूर्ण फेऱ्या, म्हणून प्रकाश मधला. नंतर त्याच लेखात त्याने याहून भक्कम आधार दिला, तो असा.

वर वर जात राहा. दहावीतून नववीत येणारा इलेक्ट्रॉन घ्या. नववीत फेऱ्या ९.०३ लाख कोटी, दहावीत ६.५८, प्रकाश ७.७२. अंतर कमी झालं. आणखी वर चला. ११० व्या कक्षेतून १०९ व्या कक्षेत. १०९ व्या कक्षेत सेकंदाला ५०८ कोटी फेऱ्या, ११० व्या कक्षेत ४९४ कोटी, आणि बाहेर पडणारी लहर ५०१ कोटी हर्ट्झची. आता कोण कुणाहून वेगळं म्हणायचं? फिरणं आणि लहर पुन्हा एकत्र आली. तंबोऱ्याच्या तारेचा नियम मोडला नव्हता. तो लांबच्या कक्षांत जसाच्या तसा लागू आहे आणि केंद्रकाजवळ येत जावं तसा सैल होत जातो. बोरने उलट बाजूने हीच अट घातली : दूरच्या कक्षांत जुनं भौतिकशास्त्र बरोबर यायलाच हवं. त्या अटीवरून हायड्रोजनच्या रेषांच्या सूत्रातला रिडबर्गचा स्थिरांक निव्वळ इलेक्ट्रॉनचं वस्तुमान, प्रभार आणि प्लँकचा स्थिरांक यांतून निघाला, आणि मोजलेल्या किमतीशी जुळला.

एवढ्या लांबच्या कक्षा खऱ्या असतात का, असं कुणी ना कुणी विचारतंच. १०९ व्या कक्षेचा व्यास एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून जास्त भरतो. म्हणजे एकटा हायड्रोजनचा अणू जिवाणूएवढा! त्याला मोकळी जागा लागते. नळीत तेवढी जागा नसते, शेजारचे अणू धडकतात. बोरच्या १९१३ च्या लेखातच याचा उल्लेख आहे : निर्वात नळ्यांत बामर मालिकेतल्या १२ पेक्षा जास्त रेषा दिसत नव्हत्या, तर काही खगोलीय वस्तूंच्या वर्णपटात ३३ दिसत होत्या. त्याचं कारण त्याने हेच दिलं, की ३३ व्या कक्षेला लागणारी ऐसपैस जागा फार विरळ वायूतच मिळेल.

आणि तशी जागा आहे. मृग नक्षत्रात, बाणाच्या तीन ताऱ्यांच्या खाली, जो धुरकट ठिपका दिसतो तो तेजोमेघ. थंडीत जतकडच्या एखाद्या माळावर उभं राहिलं तर नुसत्या डोळ्यांनी दिसतो. तिथे इलेक्ट्रॉन सुटे होतात, पुन्हा प्रोटॉनच्या तावडीत सापडतात, आणि सापडताना आधी लांबच्या कक्षांत येऊन मग एकेक करत खाली उतरतात. १९६४ मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञांनी अशा उतरणीच्या रेडिओ लहरी पकडल्या. १९६५ मध्ये अमेरिकेत ग्रीन बँक इथल्या ४३ मीटर व्यासाच्या दुर्बिणीने ११० ते १०९ ची रेषा मृगातल्या तेजोमेघातून आणि एम १७ या दुसऱ्या एका मेघातून टिपली. ५०१ कोटी हर्ट्झच्या आसपास, जिथे सापडायला हवी तिथेच. त्याच मेघाच्या फोटोत जो लालसर रंग दिसतो, तो आमच्या नळीतला ४५७. एकाच ढगात दोन्ही टोकं : एकीकडे फिरण्यापासून तुटलेला प्रकाश, दुसरीकडे फिरण्याशी जुळलेला.

मिरजेच्या मुलीने यात स्वतःहून एक भर घातली. ११० वरून एकदम १०८ वर आला तर? तिने कॅल्क्युलेटर काढला. १,०१६ कोटी. १०९ व्या कक्षेतल्या ५०८ कोटी फेऱ्यांच्या बरोबर दुप्पट. तारेत मूळ सुराबरोबर दुप्पट, तिप्पट असे वरचे सूर वाजतात हे तिला मी सांगायची गरज नव्हती. जवारी लागते ती त्यांच्यासाठीच. एक कक्षा सोडून मारलेली उडी म्हणजे दुसरा सूर, दोन सोडून मारलेली म्हणजे तिसरा. अगदी गोल फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनला असे वरचे सूर नसतात, लंबवर्तुळात फिरणाऱ्याला असतात. १९१६ मध्ये सोमरफेल्डने लंबवर्तुळाकार कक्षा आणल्याच होत्या, पण तो धडा बारावीला नाही.

क्लासच्या नोट्समध्ये हल्ली एक वाक्य मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं : बोरचं मॉडेल चुकीचं आहे, सूत्रं तेवढी लक्षात ठेवा. हे मला मान्य नाही. १९२५-२६ मध्ये हायझेनबर्ग आणि श्रोडिंगर यांचं गणित आलं आणि पहिली कक्षा गेली, हे खरं. हायड्रोजनच्या सर्वांत खालच्या अवस्थेत कक्षेतल्या फिरण्याचा कोनीय संवेग शून्य निघतो. बोरने तो प्लँकचा स्थिरांक भागिले २π एवढा धरला होता. तेव्हा पहिल्या कक्षेतल्या त्या ६,५८० लाख कोटी फेऱ्या आणि तो मिलिअँपिअरचा प्रवाह म्हणजे अणूच्या मापाचा अंदाज, त्याहून जास्त काही नाही, हेही मी त्याच तासाला सांगते. पण ऊर्जा तीच राहिली, रेषा त्याच राहिल्या. आणि लांबच्या अवस्था नीट एकत्र आणल्या तर इलेक्ट्रॉनचा एक पुंजका खरोखर केंद्रकाभोवती बोरच्या आवर्तकालाने फिरताना प्रयोगशाळेत दिसलेला आहे. १ साठी कक्षा नाही आणि १०९ साठी जवळजवळ आहे. "चुकीचं" या एका शिक्क्यात हे मावत नाही.

तासगाव, विटा, इस्लामपूरकडच्या काही शिक्षकांनी आकडे मागितले होते, म्हणून शेवटी तेही देते. ४ ते २ : फेऱ्या १०३ आणि ८२२, प्रकाश ६१७, संकलन २ ते ४ घेतलं की हेच उत्तर येतं, आणि तरंगलांबी ४८६ नॅनोमीटर, म्हणजे नळीतली हिरवट निळी रेषा. त्याच ग्रेटिंगने ती १६ अंश ४१ मिनिटांवर शोधायची. २ ते १ : फेऱ्या ८२२ आणि ६,५८०, प्रकाश २,४६६, तरंगलांबी १२१.६ नॅनोमीटर, ही अतिनील, डोळ्यांना दिसणार नाही, तिच्यामागे लागून पोरांचा वेळ घालवू नका. सगळे आकडे लाख कोटींत. फळ्यावर तक्ता करताना १ ते १० चे घन आधी एका कोपऱ्यात लिहून ठेवा, बाकीचं एका तासात बसतं.